परभणी जिल्ह्यातील ‘बेवड’ आणि जमिनीतील सूक्ष्मजीवसृष्टी : एक ऐतिहासिक विचार

आधीच्या पिकाने जमीन ज्या अवस्थेत सोडली त्या अवस्थेला शेतकरी ‘बेवड’ म्हणतो. हरभऱ्याचा बेवड चांगला, ज्वारीवर ज्वारीचा वाईट, असा त्याचा निवाडा असतो. मराठवाड्याच्या कृषी-इतिहासलेखनात जमीनमहसूल, दुष्काळ आणि सिंचन यांना जे स्थान मिळाले ते बेवडाला मिळालेले नाही. प्रस्तुत लेखात परभणी जिल्ह्याच्या संदर्भात या विषयाचा विचार केला आहे.

गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या खोऱ्यांतील येथील जमीन बेसाल्ट खडकापासून बनलेली, काळी व भारी आहे. ती ओल धरून ठेवते, उन्हाळ्यात भेगाळते. सेंद्रिय कर्बाच्या बाबतीत मात्र ती दिसते तितकी श्रीमंत नाही. निजामी राजवटीत, म्हणजे १९४८ पर्यंत, ज्वारी, गावरानी कापूस, तूर, मूग, उडीद, हरभरा, जवस आणि करडई ही येथील प्रमुख पिके होती. १९०० मध्ये मनमाड-हैदराबाद लोहमार्ग सुरू झाल्यावर परभणी, सेलू, मानवत या भागांतील कापसाला दूरची बाजारपेठ खुली झाली. तरीही कापसात व ज्वारीत तुरीच्या ओळी, मुगाच्या रानात रब्बी ज्वारी आणि ज्वारीच्या कडेने काटेरी करडई ही पद्धत टिकून राहिली. ती टिकण्यामागे केवळ मृदाज्ञान होते असे मानण्याचे कारण नाही. बैलांना कडबा व घराला डाळ हवी होती. जमिनीचे हित त्यातून आपोआप साधत गेले.

ते कसे साधले, याचे उत्तर सूक्ष्मजीवशास्त्र देते. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींचा हवेतील नत्राशी असलेला संबंध हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८८ पर्यंत सिद्ध केला आणि त्याच वर्षी हॉलंडमध्ये बायेरिंक यांनी गाठींतील जिवाणू वेगळे काढले. ज्वारीच्या धसकटात कर्ब भरपूर, नत्र अल्प असते. ते कुजविणारे जिवाणू जमिनीतील उपलब्ध नत्र स्वतःच्या वाढीसाठी वापरतात आणि पुढील पीक काही काळ उपाशी राहते. ‘ज्वारीवर ज्वारी’ वाईट ठरण्याचे हे एक कारण होय. उलट तुरीची पानगळ लवकर कुजते व तिची मुळे खोल थरांपर्यंत जातात. तुरीचा मर रोग जमिनीतील बुरशीमुळे होतो. ज्वारीच्या संगतीत त्याचे प्रमाण घटते, असे पाटणचेरू येथील इक्रिसॅटच्या प्रयोगांत दिसून आले आहे. काळ्या जमिनीतील सेंद्रिय द्रव्याच्या प्रश्नावर इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी केलेले कार्य १९३१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यांनीही शेतातील काडीकचरा व शेण यांचा एकत्रच विचार केला.

हे चक्र १९६० नंतर मोडू लागले. सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचे वाण १९६४ मध्ये आले. येलदरी व जायकवाडी प्रकल्पांच्या कालव्यांमुळे ऊस आला. जेथे निचरा साधला नाही तेथे जमिनी चोपण झाल्या. पाणी साचलेल्या मातीत हवा उरत नाही, हवेवर जगणारे जिवाणू मंदावतात आणि नत्राचा काही भाग वायुरूपाने निघून जातो. पुढे १९९० च्या दशकापासून सोयाबीनने आणि २००२ नंतर बीटी कापसाने खरीप ज्वारीची जागा घेतली. यातील सर्वांत दूरगामी परिणाम कोठे नोंदला जात नाही: ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर जनावरे घटली आणि शेणखत आटले.

सोयाबीन हेही द्विदलच, मग बिघडले कुठे, असा युक्तिवाद केला जातो. तो अपुरा आहे. तुरीला उपयोगी पडणारे जिवाणू येथील मातीत मुळातच आहेत. सोयाबीनचे विशिष्ट जिवाणू नव्या रानात बियाण्याबरोबर द्यावे लागतात. शिवाय सोयाबीन मिळविलेल्या नत्राचा मोठा भाग दाण्यातून शेताबाहेर नेते. सोयाबीननंतर हरभरा घेतल्यास कागदावर फेरपालट झालेली दिसते. परंतु दोन्ही पिकांची मूळकूज करणाऱ्या काही बुरशी समान असल्याने त्यांना वर्षभर यजमान मिळतो.

परभणी येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या (२०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) प्रक्षेत्रावर २००६ पासून सोयाबीन-करडई या क्रमावर दीर्घकालीन खत प्रयोग चालू आहे. शेताच्या कडेची करडई येथे मुख्य रब्बी पीक म्हणून सोयाबीनमागे आली आहे. दीर्घकालीन खत प्रयोगांत रासायनिक खतांना शेणखताची जोड दिलेल्या वाफ्यांत सेंद्रिय कर्ब व सूक्ष्मजीवांचे प्रमाण अधिक आढळते. जिल्ह्यातील बहुसंख्य कोरडवाहू शेतकऱ्यांकडे आज त्या मात्रेइतके शेणखत निघत नाही.