इंग्रजी शब्दाची वाट आणि मराठवाड्याचा विद्यार्थी

पालम आणि आसपासच्या खेड्यांतून आपल्या नामदेव शिंपी समाजाची मुले दरवर्षी दहावीची परीक्षा उत्तीर्ण होतात. त्यांची नावे स्मरणिकेत छापून येतात व आईबापांना धन्यता वाटते. परंतु त्यांपैकी जी मुले मराठी माध्यमातून अकरावीच्या विज्ञान शाखेत जातात, त्यांची पहिल्या सहामाहीतील अवस्था कोणी छापीत नाही. बाष्पीभवन म्हणजे काय हे त्यांना पक्के ठाऊक असते. पण पुस्तकात 'इव्हॅपोरेशन' हा शब्द आला की ती थबकतात. विषय ओळखीचा, शब्द मात्र अनोळखी! मग कोणी म्हणतो, खेड्यातल्या मुलांना इंग्रजीची बुद्धीच नाही. हे म्हणणे कितपत खरे आहे याचा निवाडा इतिहासाकडे पाहून करावा, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

इंग्रजी राज्य आल्यावर मुंबई-पुण्याकडच्या मराठी मुलांसाठी एक शिडी बांधली गेली. जेम्स मोल्सवर्थ आणि जॉर्ज व थॉमस हे कँडी बंधू यांनी शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला व तो 1831 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 40 हजार शब्द होते; 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत ते 60 हजारांवर गेले. मधल्या काळात, 1847 साली, इंग्रजी-मराठी कोशही निघाला. हे ग्रंथ आकाराने व किमतीने मोठे, म्हणून बाबा पदमनजी यांनी 1863 मध्ये मोल्सवर्थच्या कोशाचा संक्षेप केला. पुढे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आली. तिची रीत साधी होती. आरंभी काही इंग्रजी शब्द व त्यांचे मराठी अर्थ द्यावयाचे, नंतर त्याच शब्दांची वाक्ये इंग्रजीतून मराठीत व मराठीतून इंग्रजीत करावयास लावावयाची. ज्या घरात शिकलेले कोणी नव्हते, त्या घरातील मुलगाही या पुस्तकाच्या आधारे इंग्रजीशी झुंजू शकत असे. त्या वेळी इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणत. पण ते दूध मुलांच्या घशाखाली उतरले ते मराठीच्या वाटीतून, ही गोष्ट विसरता कामा नये.

आपल्या मराठवाड्याचे नशीब निराळे होते. परभणी जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे 1880 नंतरच्या दशकात राज्यकारभाराची भाषा फारसी जाऊन उर्दू झाली. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. उच्च शिक्षण भारतीय भाषेतून देण्याचा तो मोठा प्रयोग होता आणि त्यासाठी 1917 पासून भाषांतराचे स्वतंत्र खाते उभारून शास्त्रीय ग्रंथ उर्दूत आणले गेले. प्रयोग धाडसी होता याबद्दल वाद नाही. परंतु ती भाषा आपल्या मुलांची नव्हती. प्राथमिक वर्गांत मराठी, पुढे बहुतेक सरकारी शाळांत उर्दू माध्यम आणि त्याच्या जोडीला इंग्रजी हा सक्तीचा विषय, असा तिहेरी भार मराठी मुलावर पडला.

एकच उदाहरण घेऊ. घरी व प्राथमिक शाळेत जो 'त्रिकोण', तो उर्दू भूमितीत 'मुसल्लस' झाला आणि इंग्रजीत 'ट्रायअँगल'. एका आकृतीला तीन नावे! गंमत अशी की तिन्ही नावांत 'तीन' हीच संख्या दडलेली आहे. अरबी भाषेत तीनला जो शब्द आहे त्यावरून 'मुसल्लस' झाला, आणि इंग्रजीतला 'ट्राय' तर आपल्या 'त्रि'चाच भाऊबंद. शब्दाचे हे मूळ ज्याला उलगडून मिळाले, त्याला तिन्ही नावे सोपी. ज्याला ते मिळाले नाही, त्याने तिन्ही घोकावयाची. अशा स्थितीत मराठीतून शिकविणाऱ्या संस्थांना मोठे मोल होते. औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, सरस्वती भुवन संस्था 1915 मध्ये निघाली. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा 1921 मध्ये. स्वामी रामानंद तीर्थांनी आधी हिप्परग्यास व नंतर अंबाजोगाईस अध्यापन केले. पण अशा शाळा बोटांवर मोजण्याइतक्या; शिवणकामावर पोट भरणाऱ्या कुटुंबातील किती मुले तेथवर पोहोचणार?

17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान मुक्त झाले. 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1958 मध्ये औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. शाळा मराठीतून शिकवू लागल्या. ही फार मोठी कमाई होय. मात्र इंग्रजीच्या आरंभाची इयत्ता वारंवार बदलत राहिली. जुन्या मुंबई राज्याने स्वातंत्र्यानंतर ती आठवीवर नेली होती. पुढे ती पाचवीवर आली. आणि 2000 सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासूनच इंग्रजी सुरू झाले. वर्षे वाढली, पण मुलाजवळ शब्द किती साठले, हा प्रश्न मागेच राहिला. परभणीस 1972 मध्ये कृषी विद्यापीठ झाले. जोंधळा आणि कापूस यांत वाढलेला आपला मुलगा तेथे कृषी पदवीसाठी गेला, तर जोंधळ्याचे शास्त्रही त्याला इंग्रजीतूनच शिकावे लागते. म्हणून शब्दसंग्रहाचा प्रश्न हा हौसेचा नसून भाकरीचा आहे.

कोणते शब्द आधी शिकवावेत, याचा विचार जगातील विद्वानांनी बराच केला आहे. ऑग्डेन यांनी 1930 मध्ये 850 शब्दांची मूलभूत इंग्रजी मांडली. मायकेल वेस्ट हे ढाक्यास शिक्षकांचे शिक्षक होते. बंगाली मुलांचे हाल पाहून त्यांनी निवडक शब्दांची वाचनपुस्तके केली, आणि 1953 मध्ये त्यांची सुमारे 2000 नित्योपयोगी शब्दकुलांची यादी प्रसिद्ध झाली. त्यापुढची पायरी न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली दाखविली. उच्च शिक्षणाच्या निरनिराळ्या शाखांतील ग्रंथ तपासून त्यांनी 570 शब्दकुले वेगळी काढली. 'अ‍ॅनालाइझ', 'एस्टिमेट', 'एव्हिडन्स', 'सिग्निफिकंट', 'डिस्ट्रिब्यूट' असे हे शब्द बाजारात ऐकू येत नाहीत, पण महाविद्यालयीन पुस्तकातील दर दहा शब्दांमागे साधारण एक या यादीतला निघतो. आपली मुले अडतात ती बहुधा याच उंबरठ्यावर.

हे शब्द बहुतांशी लॅटिन व ग्रीक मुळांचे आहेत, आणि येथेच मराठी मुलाला एक लाभ आहे. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या एका मूळ भाषेच्या लेकी असाव्यात, असे सर विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कलकत्त्यास सांगितले. ते आज सर्वमान्य आहे. आपल्या 'विद्या' व 'वेद' या शब्दांतील 'विद्' आणि लॅटिनमधील 'पाहणे' या अर्थाचा धातू एकाच मुळाचे. त्यातूनच 'एव्हिडन्स', 'व्हिडिओ', 'प्रोव्हाइड' हे शब्द झाले. 'स्थान', 'स्थिर', 'संस्था' यांतील 'स्था'चे नाते 'स्टेशन', 'स्टेबल', 'स्टेटस' यांच्याशी आहे. 'सप्त' व 'दश' यांचे भाऊबंद 'सप्टेंबर' व 'डिसेंबर' यांत बसले आहेत, कारण जुन्या रोमन पंचांगात ते सातवा व दहावा महिने होते. आणि आपल्या व्यवसायाचा शब्द 'शिवणे' पाहा. संस्कृतातील 'सिव्', इंग्रजीतील 'स्यू' म्हणजे शिवणे, आणि शल्यवैद्य जखमेवर घालतो तो 'सूचर' म्हणजे टाका, ही एकाच कुळाची लेकरे आहेत. शिंप्याच्या मुलीने शल्यवैद्य होण्याचे मनात आणावे, तर पहिला शब्द तिच्या घरातच आहे.

परक्या शब्दांचे भय आपल्या पूर्वजांना कधी नव्हते. दुकानातली 'कैची' तुर्की, 'अस्तर' फारसी, 'इस्त्री' पोर्तुगीज, 'कॉलर', 'कफ' आणि 'टेप' इंग्रजी. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसांनी हे शब्द घेतले, कारण वस्तू हातात होती आणि शब्दाची रोज गरज पडत होती. त्यांनी यादी पाठ केली नाही, शब्द वापरला. उलट कापडासोबत आपल्याकडचे शब्दही इंग्रजीत गेले. 'खाकी', 'पजामा', 'शाल' हे शब्द आज इंग्रजी कोशांत आहेत, आणि छिटाच्या कापडावरून झालेला 'चिंट्झ'ही आहे. संत नामदेव महाराज तर, परंपरेनुसार, आपल्या शेजारच्या नरसीचे. त्यांनी मराठीसोबत हिंदीतही रचना केली आणि त्यांची 61 पदे शीखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. पंजाबातील घुमान येथे त्यांच्या स्मरणार्थ 2015 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. परकी भाषा जवळ करताना त्यांनी मराठी सोडली नाही, हाच आपला वारसा.

यावरून आम्हांस एकच निष्कर्ष दिसतो. जेथे इंग्रजी शब्दाला मायबोलीचा आधार मिळाला, तेथे तो टिकला; जेथे तो आधार काढून घेतला गेला, तेथे घोकंपट्टी उरली. उर्दू माध्यमाच्या काळी आपल्या मुलांची मराठी मधून काढली गेली होती. आज काही पालक, इंग्रजी येत नाही म्हणून, ती आपल्याच हाताने काढीत आहेत. घरात इंग्रजी बोलणारे कोणी नसताना पालमच्या मुलावर पहिलीपासून केवळ इंग्रजी लादणे म्हणजे जुनाच भार नव्या नावाने देणे होय. इंग्रजी हवीच, आणि उत्तम हवी. पण ती मराठीच्या पायावर उभी राहावी.

उपायही खर्चाचा नाही. नववीपर्यंत नित्याचे शब्द झाले असतील, तर दहावीच्या वर्षात ते 570 शब्द घ्यावेत. रोज 3 शब्द घेतले तर 190 दिवसांत ते पुरे होतात. प्रत्येक शब्दाचा मराठी अर्थ लिहावा, मूळ सापडल्यास तेही लिहावे, स्वतःची दोन वाक्ये करावीत, आणि आठवड्याने व महिन्याने तो शब्द पुन्हा विचारावा. कच्चा टाका घालून पक्की शिवण न केल्यास कापड उसवते. शब्दाचेही तसेच आहे. हे विचारण्याचे काम घरातील कोणीही करू शकते. वही हातात असली की पुरे; त्यासाठी स्वतःस इंग्रजी यावी लागत नाही.

शेवटी समाजास एक विनंती. गुणगौरव समारंभात आपण विद्यार्थ्यांना शाल व श्रीफळ देतो. श्रीफळ असू द्यावे. शालीऐवजी मात्र एक चांगला इंग्रजी-मराठी शब्दकोश द्यावा, आणि तोही बारावीच्या यशानंतर न देता नववीच्या आरंभी द्यावा. मुलगी असो वा मुलगा, नंबर आलेला असो वा नसो, नववीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकास तो मिळावा. शाल शिवावयास व पांघरावयास आपल्या घरी पुष्कळ आहेत. कोश बहुतेक घरांत नाही. येत्या सभेत या सूचनेचा विचार व्हावा, इतकेच आमचे मागणे आहे.