‘ध’चा ‘मा’ आणि फादर ब्राउन

पूर्णा जंक्शनवर गाडीची वाट पाहत ज्यांनी तासन्‌तास काढले आहेत, त्यांना रहस्यकथेचे मोल सांगावे लागत नाही. जी. के. चेस्टरटनचा फादर ब्राउन ही त्या दुनियेतली निराळीच असामी. १९१० साली मासिकांतून अवतरलेला हा बुटका, गबाळा कॅथलिक पाद्री भिंगातून ठसे पाहत बसत नाही. लोकांचे कबुलीजबाब ऐकून ऐकून पाप त्याच्या ओळखीचे झाले आहे. त्याचा नमुना खरा होता : यॉर्कशायरमधले फादर जॉन ओकॉनर. या साध्याभोळ्या माणसाला दुष्टपणाची एवढी माहिती कशी, याचे चेस्टरटनला नवल वाटले होते.

आपल्या इतिहासात गुन्ह्याचा शोध घेणारा असा धर्मज्ञ कोण, असे विचारले तर मी रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव घेईन. ते पुरोहित नव्हेत, पेशव्यांचे न्यायाधीश. पण त्यांचा अधिकार धर्मशास्त्राच्या अध्ययनातून आलेला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणपतीच्या दिवसांत, शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणरावांना मारले. गादी चुलत्याला, राघोबादादांना मिळाली. शास्त्रीबुवांनी तपास केला आणि माग थेट नव्या पेशव्यापर्यंत गेला. आपण धरण्याचा हुकूम दिला, मारण्याचा नव्हे, असे दादांचे म्हणणे. ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले. ते आनंदीबाईंनी केले, असे परंपरा सांगते. (बाईवर ढकलणे नेहमीच सोयीचे.)

चेस्टरटनला हा कागद नक्की आवडला असता. त्याच्या ‘द राँग शेप’ या कथेत मृत कवीच्या हातची चिठ्ठी आत्महत्येचीच वाटते. पण कागदाचा कोपरा कापलेला असतो. कोपऱ्याबरोबर अवतरणचिन्ह गेले, वाक्य कवीच्या कथेतल्या पात्राचे आहे, हे फादर ब्राउन ओळखतो.

अक्षराची चोरी पकडता येते. पण खुद्द पेशव्याला शिक्षा कोण देणार? दादांनी प्रायश्चित्त विचारले आणि शास्त्रीबुवांनी देहान्ताखेरीज दुसरे नाही असे सांगितले, ही हकीकत ग्रँट डफच्या १८२६च्या इतिहासात आहे. फादर ब्राउन गुन्हेगाराला पश्चात्तापाची वाट मोकळी ठेवतो; फ्लँबो हा अट्टल चोर तसाच सुधारला. रामशास्त्र्यांपाशी ना फौज, ना फाशीचा हुकूम. म्हणून, मला वाटते, न्यायाधीशाला देता न येणारा निकाल त्यांनी प्रायश्चित्ताच्या भाषेत दिला. मग पुणे सोडून ते वाईजवळच्या खेड्यात जाऊन राहिले. बारभाईंचा कारभार आल्यावर त्यांना परत बोलावले गेले. राघोबादादा १७८३ साली कोपरगावी वारले. शास्त्रीबुवांनी सांगितलेले प्रायश्चित्त त्यांनी घेतलेच नाही.