साडेएकोणतीस तास

२००० नंतरची काही वर्षं जपानमध्ये एक गुलाबी ससा फार लोकप्रिय होता. सशाला चोच होती. चोच का, हे विचारायचं नाही. टीव्हीवरच्या जाहिरातींत तो नाचायचा, पोस्टरवर दिसायचा, किल्ल्यांच्या साखळ्यांना लटकायचा. हा ससा ‘नोव्हा’चा होता, आणि नोव्हा म्हणजे जपानमधली इंग्रजी संभाषणाच्या खासगी क्लासेसची सर्वांत मोठी साखळी. अशा क्लासेसना तिकडे ‘एइकाइवा’ म्हणतात. नोव्हाचं घोषवाक्य होतं ‘एकिमाए र्‍यूगाकू’, म्हणजे स्टेशनसमोरच परदेशी शिक्षण. विमानाचं तिकीट काढायला नको, ऑफिस सुटलं की लोकल पकडण्याआधी चाळीस मिनिटं परदेशात जाऊन यायचं.

ते ‘परदेश’ म्हणजे काय होतं? एक छोटं क्युबिकल, एक टेबल, समोर तीन-चार विद्यार्थी आणि टाय लावलेला बावीस-तेवीस वर्षांचा एक ऑस्ट्रेलियन, ब्रिटिश किंवा कॅनेडियन पोरगा. ही गोष्ट त्या पोराची आहे.

नोव्हा सुरू झाली १९८१ मध्ये, ओसाकाला. संस्थापक नोझोमु साहाशी पॅरिसला शिकून आलेला. पुढच्या पंचवीस वर्षांत शाखा नऊशेच्या वर गेल्या, विद्यार्थी चार लाखांच्या वर. परदेशी शिक्षक हजारोंनी येत होते. जपानी व्हिसाच्या नियमानुसार भाषा शिकवायला पदवी लागायची, पण ती कुठल्याही विषयातली चालायची. बी.एड. नको, अनुभव नको. तुमची जन्मभाषा इंग्रजी आहे ना, मग या. पगार महिना अडीच लाख येनच्या आसपास, हा धंद्यात ठरूनच गेलेला आकडा होता. कॉलेज संपवून, शैक्षणिक कर्ज डोक्यावर घेऊन बसलेल्या मुलाला तो वाईट नव्हता. शिवाय टोकियो.

इथे एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. ही नोकरी त्यांना बऱ्याच अंशी पासपोर्टमुळे आणि चेहऱ्यामुळे मिळत होती. नागपूर किंवा चेन्नईच्या शाळेत वीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईंचा या बाजारात कुणी विचारही केला नसता. दक्षिण कोरियाने तर हे कागदावरच लिहून ठेवलं आहे: इंग्रजी शिकवण्याचा ई-२ व्हिसा अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांना. २०१० साली भारत आणि कोरिया यांच्यातला व्यापार करार लागू झाला तेव्हा भारतीयांसाठी एक फट उघडली, तीही शाळेतला ‘सहायक’ शिक्षक म्हणून आणि शिक्षकाचं प्रमाणपत्र हातात असेल तरच. सात देशांच्या नागरिकाला बी.ए. पुरे, आपल्याला मात्र वर प्रमाणपत्र. त्यामुळे नोव्हाच्या शिक्षकांबद्दल वाचायला लागलो तेव्हा माझी सहानुभूती जरा बेतानेच होती. वाचत गेलो तशी वाढली.

आता शीर्षकातल्या आकड्याकडे येऊ. जपानमध्ये आरोग्य विमा आणि पेन्शन यांच्या सरकारी योजनेत कर्मचाऱ्याला घेतलं की निम्मा हप्ता कंपनीला भरावा लागतो. कुणाला घ्यायचं? तेव्हाचा व्यवहारातला निकष असा होता की पूर्णवेळ कर्मचाऱ्याच्या कामाच्या तीन चतुर्थांश वेळ किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्याला. आठवड्याचे चाळीस तास धरले तर तीस. म्हणून एइकाइवाच्या धंद्यातल्या करारांवर एक आकडा पुन्हा पुन्हा दिसू लागला: २९.५ तास.

आम्ही कोड लिहितो तेव्हा ‘तीसपेक्षा कमी’ आणि ‘तीस किंवा जास्त’ यांतला फरक एका चिन्हाचा असतो. इथे त्या एका चिन्हावर हजारो माणसांचा दवाखाना आणि म्हातारपण ठरत होतं. आणि तास मोजायचे कसे? कामगार संघटनांचा जुना आक्षेप असा, की कंपन्या फक्त शिकवण्याची मिनिटं मोजतात. नोव्हात एक वर्ग चाळीस मिनिटांचा. दोन वर्गांमध्ये मोजकी मिनिटं, आणि त्यातच संपलेल्या वर्गाची नोंद विद्यार्थ्याच्या फाइलमध्ये करायची, पुढच्या विद्यार्थ्याची फाइल काढायची, त्याला कुठला धडा द्यायचा ते ठरवायचं. माणूस दिवसभर इमारतीत असतो, पण हिशेबात अर्धवेळ राहतो. आपल्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकांना हे गणित वेगळं समजावून सांगायला नको.

दुसरं कलम त्याहून विचित्र होतं. नोव्हाच्या शिक्षकांना वर्गाबाहेर विद्यार्थ्यांशी ओळख वाढवायला मनाई होती. प्रेमप्रकरण सोडाच, एकत्र चहा प्यायलाही. परक्या देशात नव्याने आलेल्या माणसाला रोज जे वीस-तीस स्थानिक लोक भेटतात, नेमके तेच ओळखीचे होऊ द्यायचे नाहीत. ओसाकाच्या वकील संघटनेने २००४ मध्ये या नियमावर बोट ठेवलं आणि तो मानवी हक्कांचा भंग असल्याचं म्हटलं.

आणि तिसरं, घर. जपानमध्ये परदेशी माणसाला भाड्याने घर मिळणं कठीण. जामीनदार लागतो, घरमालकाला देण्याची ‘भेट’ लागते, अनामत लागते. त्यामुळे कंपनीच फ्लॅट द्यायची, एका फ्लॅटमध्ये दोघं-तिघं, आणि भाडं पगारातून कापून घ्यायची. सोय म्हणून हे छानच. पण पगार, घर आणि व्हिसाची हमी अशा तिन्ही गोष्टी एकाच खुंटीला टांगल्या गेल्या. जपानचा व्हिसा कोरियाइतका मालकाशी बांधलेला नव्हता, नोकरी बदलता येत होती. पण ज्याची मुदत संपत आली आहे त्याला नूतनीकरणासाठी पगार देणारा कुणीतरी दाखवावा लागायचाच.

खुंटी कशी हलली, ते आता. नोव्हा चालायची आगाऊ फीवर. विद्यार्थी वर्गांचे पॉइंट विकत घ्यायचा. जितके जास्त एकदम घ्याल तितका एक वर्ग स्वस्त. सहाशे पॉइंट घेतले तर एक १,२०० येनला. सरकारनेही हातभार लावला होता. १९९८ च्या शेवटी बेरोजगारी विम्याच्या निधीतून नोकरदारांना शिक्षणासाठी अनुदान सुरू झालं, फीच्या ८० टक्क्यांपर्यंत. इंग्रजीच्या क्लासेसची चंगळ झाली. २००३ मध्ये ते अनुदान ४० टक्क्यांवर आलं आणि चंगळ संपली. पण नोव्हा शाखा उघडतच राहिली. आज येणाऱ्या फीमधून काल दिलेल्या वचनांचा खर्च भागवायचा असेल, तर थांबणं परवडत नाही.

विद्यार्थ्याने मध्येच क्लास सोडला तर? उरलेले पैसे परत करताना कंपनी झालेल्या वर्गांचा भाव वाढवायची. घेताना १,२०० चा असलेला पॉइंट परताव्याच्या हिशेबात १,७५० चा व्हायचा, त्यामुळे हाती फारसं काही यायचं नाही. लोक कोर्टात गेले. ३ एप्रिल २००७ रोजी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने हा हिशेब बेकायदा ठरवला. १३ जूनला अर्थ, व्यापार आणि उद्योग मंत्रालयाने कारवाई केली: एक वर्षाहून मोठ्या मुदतीचे किंवा ७० तासांहून जास्त वर्गांचे नवे करार सहा महिने करायचे नाहीत. आक्षेपांपैकी एक असा, की ‘कधीही या, वर्ग मिळेल’ असं सांगून पैसे घेतले जातात, पण गर्दीच्या वेळी वर्ग मिळत नाही.

आगाऊ फीवर जगणाऱ्या कंपनीला मोठी आगाऊ फी घ्यायलाच बंदी. वर परतावा मागणाऱ्यांची रांग. त्या उन्हाळ्यात जपानी कर्मचाऱ्यांचे पगार उशिरा होऊ लागले. सप्टेंबरमध्ये परदेशी शिक्षकांचे. मुख्यालयातून शाखांना फॅक्स यायचे: पैसे येणार आहेत, धीर धरा, नवी तारीख ही. काही शिक्षकांना घरमालकांच्या नोटिसा आल्या. त्यांच्या पगारातून भाडं कापलं जात होतं, पण ते घरमालकापर्यंत पोचतच नव्हतं.

मला या सगळ्यात हाच तपशील सर्वांत जास्त खटकतो. पगार न देणं म्हणजे न दिलेलं कर्ज असं एक वेळ म्हणता येईल. पण भाड्याच्या नावाने कापलेले पैसे त्या माणसाचे होऊन गेलेले असतात. विद्यार्थ्यांनी आगाऊ दिलेली फी, शिक्षकांनी आधी करून ठेवलेलं महिनाभराचं काम आणि हे कापलेलं भाडं यांवर कंपनी शेवटचे महिने जगली. सगळे तिचे सावकार होते, फक्त त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

ऑक्टोबरचा पगार आलाच नाही. २५ तारखेच्या रात्री संचालक मंडळाने साहाशीच्या गैरहजेरीत त्याला अध्यक्षपदावरून काढलं. २६ ऑक्टोबर २००७ ला कंपनीने ओसाकाच्या न्यायालयात संरक्षणासाठी अर्ज केला. देणी सुमारे ४,३९० कोटी येन. सगळ्या शाखांना कुलूप. सुमारे चार हजार परदेशी शिक्षक, दोन हजारांच्या आसपास जपानी कर्मचारी आणि पैसे भरून बसलेले तीन लाखांच्या घरातले विद्यार्थी रस्त्यावर. काही दिवसांनी न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकांनी पत्रकारांना साहाशीचं ऑफिस दाखवलं. त्यात बार होता, सौना होता, चहापानाची पारंपरिक जपानी खोली होती आणि झोपायची खोलीही.

मग जे झालं ते वाचताना मी बराच वेळ त्याच पानावर थांबलो. ओसाकाच्या ‘जनरल युनियन’ने जेवणाच्या बदल्यात इंग्रजीचे धडे असा उपक्रम काढला. ज्यांच्याबरोबर चहा प्यायलाही मनाई होती, तेच विद्यार्थी आता शिक्षकांसाठी खायला आणू लागले. क्वांटास या विमान कंपनीने अडकलेल्या ऑस्ट्रेलियन शिक्षकांना सवलतीची तिकिटं देऊ केली. एका धनाढ्य देशाचे नागरिक दुसऱ्या धनाढ्य देशात तांदळाच्या पिशवीवर व्याकरण शिकवत होते.

जपानी व्यवस्था अगदीच निर्दय नव्हती, हेही सांगायला हवं. दिवाळखोर कंपनीचे थकलेले पगार ८० टक्क्यांपर्यंत सरकारी संस्थेने चुकते करायचे, असा १९७६ चा कायदा तिथे आहे. ज्यांना तोवर टिकून राहता आलं, जपानी अर्ज भरता आले, त्यांना त्याचा आधार मिळाला. ज्यांची बचत आधी संपली ते घरी गेले. नागोयाच्या जी.कम्युनिकेशन या कंपनीने नोव्हेंबरमध्ये काही शाखा आणि सशासकट नोव्हाचं नाव घेतलं. साहाशीला २००८ मध्ये अटक झाली. आरोप असा, की विद्यार्थ्यांचे परतावे भागवायला त्याने कर्मचाऱ्यांच्या कल्याणनिधीतले सुमारे ३२ कोटी येन वळवले. २००९ मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली, अपिलात ती दोन वर्षांवर आली.

समुद्रापलीकडे कोरियात, ‘हागवोन’ या खासगी क्लासेसमध्ये, तोच खेळ वेगळ्या आकड्याने चालत आला आहे. तिथल्या कायद्याने एक वर्ष पूर्ण केलं की नोकरी सोडताना एक महिन्याचा पगार द्यावा लागतो. त्यामुळे अकराव्या महिन्यात शिक्षकात अचानक दोष दिसू लागतात, ही तिथली जुनी तक्रार. व्हिसा मालकाच्या नावाने, त्याची संमती नसेल तर नोकरी बदलणं अवघड. एकाने मात्र हट्ट धरला तर काय होतं, तेही तिथेच दिसलं. परदेशी शिक्षकांना एचआयव्हीची चाचणी सक्तीची होती, तेच काम करणाऱ्या कोरियन शिक्षकांना नव्हती. न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेने २००९ मध्ये दुसऱ्यांदा चाचणी करायला नकार दिला आणि नोकरी गमावली. प्रकरण वंशभेदाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीपर्यंत गेलं, २०१५ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला आणि २०१७ मध्ये कोरियाने ती सक्ती काढून टाकली. आठ वर्षं लागली.

माझ्या बॅचमधले निम्मे लोक अमेरिकेत एच-१बी वर आहेत. नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरा मालक शोधा, नाहीतर बॅगा भरा. २०२२-२३ च्या कपातीत आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते साठ दिवस उलटे मोजले जात होते. त्यांचा पगार नोव्हाच्या शिक्षकाच्या कितीतरी पट आहे, पण खुंटी एकच आहे.

नोव्हा हे नाव आजही जपानमध्ये आहे, कंपनी वेगळी आहे. तिने पुढे अनेक परदेशी शिक्षकांशी नोकरीचा करार न करता कंत्राटदार म्हणून करार केले. शिक्षक म्हणजे स्वतंत्र व्यावसायिक, मग विमा नाही, पगारी रजा नाही, आणि साडेएकोणतीस तास मोजण्याचीही गरज नाही. काही शिक्षक कोर्टात गेले. वेळ, जागा, पुस्तक, शिकवण्याची पद्धत सगळं कंपनी ठरवते, मग आम्ही स्वतंत्र कसे, असा त्यांचा प्रश्न होता. सप्टेंबर २०१९ मध्ये नागोयाच्या जिल्हा न्यायालयाने ते कामगारच असल्याचा निकाल दिला. ऑक्टोबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने तो कायम केला. भांडण ज्या रजेवरून होतं, ती जपानी कायद्याप्रमाणे पहिल्या सहा महिन्यांनंतर मिळते: वर्षाला दहा दिवस.