पडका वाडा स्वस्त का मिळतो?

मागच्या महिन्यात माझा आतेभाऊ म्हणाला, "शनिवार पेठेत एक जुना वाडा स्वस्तात मिळतोय. डागडुजी करू, दोन-तीन वर्षांनी विकू. येतोस बघायला?" मी लगेच बाइक काढली.

दिंडी दरवाजातून आत गेलो. चौकात पिंपळ उगवलेला, जिना अर्धा खचलेला. पण सागवानी खांब ठणठणीत! वाड्याचा भार मुख्यतः हा लाकडी सांगाडाच पेलतो, म्हणून भाऊ खूश. म्हणाला, "पण मालकाने इतक्या वर्षांत साधी कौलंही बदलली नाहीत?"

याचं उत्तर शोधायला १९४७ मध्ये जावं लागतं. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांत घरांची टंचाई होती. भाडेकरूंची लूट होऊ नये म्हणून मुंबई प्रांतात भाडे नियंत्रण कायदा आला. प्रमाण भाडं ठरवायला आधार धरला १ सप्टेंबर १९४० चा. हेतू चांगलाच होता. पण पुढे चुना, लाकूड, गवंड्याची मजुरी सगळं महागलं आणि भाडं तिथेच गोठलं. मालक म्हणे, "एवढ्याशा भाड्यात दुरुस्ती कशी करू?" भाडेकरू म्हणे, "घर तुमचं, खर्च मी का करू?" पाऊस मात्र दरवर्षी येतच होता.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही गोठवणूक आता अवाजवी झाल्याचं म्हटलं. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात वर्षाला ४ टक्के भाडेवाढीची मुभा मिळाली. पण मूळ भाडंच ४० रुपये असेल, तर वाढ होते १ रुपया ६० पैसे! त्यात कुठलं छप्पर शाकारणार?

तेवढ्यात मागच्या खोलीतून एक आजी आल्या. "घर बघायला आलात? मग आमचं काय करणार?"

भाऊ गप्प. मीही गप्प. माझी आजी सदाशिव पेठेत अशाच दोन खोल्यांत भाड्याने राहिली होती. मालक बदलला म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. म्हणजे वाडा स्वस्त होता तो निव्वळ पडका होता म्हणून नाही, आजी तिथे होत्या म्हणूनही. आणि आमचा नफा बराचसा त्या कुठे जाणार यावरच ठरणार होता.

घरी येऊन भावाने हिशेबाचा कागद काढला. सिमेंट, लाकूड, मजुरी यांच्या वर एक ओळ घातली: आजींची खोली. पुढची रक्कम अजून लिहिलेली नाही.

तुमच्या घरात कुणी वाड्यात राहिलं असेल, तर त्यांना आज एकदा विचारा, भाडं किती होतं. भेटू पुढच्या भागात!