नंदंबाक्कम येथील मद्रास युद्ध दफनभूमी

चेन्नई विमानतळापासून सुमारे ५ किलोमीटर अंतरावर, नंदंबाक्कम येथे मद्रास युद्ध दफनभूमी आहे. दक्षिण व पूर्व भारतातील ज्या नागरी आणि छावणी दफनभूमींत कबरींच्या कायमस्वरूपी देखभालीची शाश्वती नव्हती, तेथील दुसऱ्या महायुद्धातील कबरी येथे हलविण्यात आल्या. राष्ट्रकुलाच्या अशा ८५६ कबरी येथे आहेत. मागील बाजूच्या स्मारकावर, पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या आणि भारतात अन्यत्र दफन झालेल्या एक हजारांहून अधिक जणांची नावे कोरलेली आहेत. पुण्यातील खडकी येथील युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ कबरी आहेत.

१९१७ साली स्थापन झालेला राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग या स्थळांची निगा राखतो. हुद्दा, वंश वा धर्म यांवरून भेद करावयाचा नाही, हे आयोगाचे तत्त्व आहे. बॉम्बफेकी विमान कोसळून त्यातील सहकाऱ्यांचे अवशेष वेगळे ओळखता आले नाहीत, तर त्यांना एकत्र दफन केले जाते. नावे मात्र प्रत्येकाची स्वतंत्र नोंदविली जातात. दक्षिण व पूर्व आशियातील मोहिमांत आणि भोवतालच्या समुद्रांवर बेपत्ता झालेल्या राष्ट्रकुल वैमानिकांना कबरही लाभली नाही. त्यांची नावे सिंगापूरमधील क्रांजी येथील स्मारकावर आहेत.