करोल बाग : शिकवणीचे डिजिटल स्थित्यंतर आणि विद्यार्थी-संशोधन

दिल्ली शहराच्या मध्य भागातील, पुसा रस्त्याच्या उत्तरेस पसरलेली जुनी बाजारवस्ती. आणि रस्त्यापलीकडील जुन्या राजेंद्रनगरासह, संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या खासगी शिकवणीवर्गांचे देशातील एक अग्रगण्य केंद्र. डिजिटल तंत्रज्ञानामुळे संस्थांची घडण आणि अध्यापनाची रीत कशी पालटते, या विषयावर लघुप्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला राजधानीत याहून सोयीचे क्षेत्र क्वचितच सापडेल. कारण येथील शिकवणी ना शाळाखात्याच्या शिस्तीखाली येते, ना विद्यापीठाच्या. तिला अभ्यासमंडळ नाही, अनुदान नाही, आणि शिकविण्याची तऱ्हा बदलावयाची तर वरून हुकूम यावा लागत नाही. त्यामुळे सरकारी विद्यालयात जो बदल व्हावयास वर्षानुवर्षे लागतात तो येथे एका परीक्षेपासून दुसऱ्या परीक्षेपर्यंतच्या मुदतीत घडून जातो.

वस्तीचा पूर्वेतिहास थोडक्यात असा. नव्या दिल्लीच्या उभारणीसाठी माधोगंज, जयसिंगपुरा इत्यादी खेडी उठविण्यात आली, तेव्हा तेथील रहिवाशांपैकी पुष्कळांनी इकडे बिऱ्हाडे केली. हकीम अजमलखान यांच्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया महाविद्यालयाचे उद्‌घाटन महात्मा गांधींच्या हस्ते १३ फेब्रुवारी १९२१ रोजी येथेच झाले, आणि मुख्य पेठेच्या रस्त्यास आजही हकीमसाहेबांचेच नाव आहे. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या निर्वासित व्यापाऱ्यांनी या पेठेला तिचे सांप्रतचे रूप दिले. पुढे खान अब्दुल गफारखान यांचे नाव धारण करणारा गफार मार्केट हा बाजार मोबाइल फोन, त्यांचे सुटे भाग आणि दुरुस्ती यांसाठी उत्तर भारतात ख्याती पावला. ३१ डिसेंबर २००५ रोजी मेट्रोचे स्थानक सुरू झाले आणि शहराच्या कोणत्याही कोपऱ्यातून येथे येणे सुकर झाले. शिकवणीवर्ग त्याच्या आधीपासून या परिसरात होतेच. वाजीराम आणि रवी ही संस्था १९७६ सालची.

महाराष्ट्राचा या वस्तीशी संबंध मुख्यतः विद्यार्थ्यांच्या द्वारे येतो. नागरी सेवेची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, आणि १९९०च्या तुकडीचे भूषण गगराणी यांनी ती मराठी माध्यमातून देऊन देशात तिसरा क्रमांक मिळविल्यापासून ही वाट अनेकांना आपली वाटू लागली. बार्टी, सारथी यांसारख्या राज्यशासनाच्या संस्था निवडक उमेदवारांना दिल्लीतील तयारीसाठी अर्थसाहाय्य देतात. त्यामुळे पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकेत एक-दोन वर्षे काढून ‘आता दिल्लीला जातो’ असे घरी सांगणारा सोलापूरचा किंवा लातूरचा तरुण पुसा रस्त्याच्या आसपास हटकून भेटतो, आणि त्याला खोली मिळवून देणारा बहुधा आधीच्या वर्षी आलेला गाववाला असतो.

मार्च २०२० पर्यंत या व्यवसायाचा सर्व मामला समक्षतेवर उभा होता: अध्यापक, लांबट दालन, मागच्या बाकांसाठी मध्येच टांगलेले दूरदर्शनचे पडदे आणि वर्ग सुटताच फोटोकॉपीच्या दुकानापुढे लागणारी रांग. कोविडच्या साथीमुळे टाळेबंदी आली आणि वर्ग बंद झाले. भाड्याच्या खोल्यांत अडकलेल्या महाराष्ट्रातील परीक्षार्थींना त्या वर्षीच्या मे महिन्यात विशेष रेल्वेगाडीने आपल्या राज्यात परत आणावे लागले. गाडी निघाली तेव्हा त्यांतील बहुतेकांच्या शिकवणीची वाट त्यांच्या खिशातील फोनमधून सुरू झालेली होती. त्याच सुमारास, २९ जून २०२० रोजी केंद्र शासनाने ५९ चिनी उपयोजनांवर बंदी घातली. त्यांत उत्तरपत्रिकेची पाने फोनने टिपून पाठविण्यासाठी विद्यार्थ्यांमध्ये सर्वाधिक प्रचलित असलेले कॅमस्कॅनरही होते. सरकारी जाहीरनाम्यातील एका ओळीने परीक्षेच्या सरावाचे एक साधन नाहीसे व्हावे आणि त्याची जागा दुसऱ्याने लगेच घ्यावी, ही गोष्ट संस्थांच्या अभ्यासकाला दहा आलेखांपेक्षा अधिक सांगून जाते. त्या ऑगस्टमध्ये दिल्ली विद्यापीठाने पदवीची अंतिम परीक्षा पुस्तक उघडे ठेवून घरूनच घेतली, तेव्हा पाने टिपून पाठविण्याची ही विद्या हजारो विद्यार्थ्यांना एका आठवड्यात शिकावी लागली.

यापुढील घडामोड अपेक्षेच्या उलट आहे, आणि प्रस्तुत नोंदीचे खरे प्रयोजन तीच होय. शिकवणी एकदा फोनवर गेली की करोल बागेतील खोल्या ओस पडतील, असे अनुमान करणे सोपे होते. प्रत्यक्षात २०२२ पासून ज्या कंपन्यांचा जन्मच इंटरनेटवर झाला त्यांनी येथे येऊन जागा भाड्याने घेतल्या. अलख पांडे यांनी २०१६ साली यूट्यूबवर सुरू केलेल्या आणि २०२० साली कंपनीचे रूप घेतलेल्या फिजिक्सवाला या संस्थेने २०२२ मध्ये समक्ष शिकवणीची केंद्रे काढली. अनअकॅडमीनेही त्याच वर्षी तोच मार्ग धरला. उलटपक्षी, जुन्या घराण्यांच्या संस्थांनी आपल्या अध्यापकांची व्याख्याने चित्रित करून विकावयास काढली. दोन्ही बाजू मध्यावर येऊन भेटल्या, आणि आज एकाच इमारतीत वर्ग, चित्रणकक्ष, दूरध्वनीवरून प्रवेश मिळविणाऱ्या नोकरांचे दालन आणि तपासनिसांचे काम पाहणारी कचेरी असा चौफेर कारभार चालतो. तंत्रज्ञानाने जागा रद्द केली नाही. जागेचा उपयोग मात्र पुरता बदलला.

हा बदल पाहावयाचा तर वर्गात जाण्यापेक्षा ‘लायब्ररी’त जावे. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दालनात पुस्तकांचे कपाट बहुधा नसते. प्लायवुडच्या आडभिंती घालून केलेल्या चिंचोळ्या जागा, प्रत्येकीत एक दिवा आणि दोन प्लग, भिंतीवर चिकटविलेला वायफायचा परवलीचा शब्द, दाराशी चपलांची रास आणि दरमहा आगाऊ भरावयाचे भाडे, एवढाच तिचा सरंजाम. कानांत इअरफोन घातलेला विद्यार्थी आपण ज्या संस्थेत पैसे भरले तिचेच व्याख्यान, जे पलीकडच्या गल्लीत प्रत्यक्ष चालू असू शकेल, येथे बसून दुप्पट वेगाने ऐकतो. अध्यापकाने विचारपूर्वक घेतलेला विराम, फळ्याकडे वळून केलेला विनोद, मागच्या बाकावरच्याला दिलेली कानपिचकी, हे सर्व त्या वेगात आक्रसून जाते. मुदत संपली की व्याख्यानाचे दार आपोआप बंद होते. म्हणजे ज्ञानाला ‘वैधता’ आली, आणि वर्षाच्या अखेरीस राहिलेली व्याख्याने उरकण्यासाठी रात्री जागविल्या जाऊ लागल्या.

उत्तरलेखनाची गोष्ट त्याहून बोलकी आहे. विद्यार्थी सरावाचे उत्तर कागदावरच लिहितो, कारण आयोगाची मुख्य परीक्षा आजही शाईनेच द्यावी लागते. मग ती पाने फोनने टिपतो, पीडीएफ करतो आणि संस्थेच्या उपयोजनात चढवितो. ती कोण तपासतो हे त्याला ठाऊक नसते. तपासनीस बहुधा स्वतः पूर्वीचा परीक्षार्थी असतो, टॅब्लेटवर लाल रेघा ओढतो आणि प्रतीनुसार मोबदला घेतो. काही दिवसांनी पाने शेऱ्यांसह परततात, आणि त्यांचा हिरमुसलेला मालक ती पुन्हा कागदावर छापून घेण्यासाठी फोटोकॉपीच्या दुकानात जातो. त्याच दुकानात टेलिग्रामवरून उतरविलेल्या, कोणत्या ना कोणत्या संस्थेच्या टिपणांचे गठ्ठे सर्पिल तारेत बांधून मांडलेले असतात. कागद–पडदा–कागद अशी ही फेरी दिवसातून कितीदा होते हे कोणी मोजलेले दिसत नाही. आणि या सर्व सामग्रीतील एखादा टॅब्लेट बिघडला की तो दुरुस्त करणारा कारागीर गफार मार्केटात, थोडक्या चालीच्या अंतरावर, बसलेला असतो.

अमेरिकन अभ्यासक शोशाना झुबॉफ यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘इन द एज ऑफ द स्मार्ट मशीन’ या ग्रंथात कागदगिरण्यांतील कामगारांचे वर्णन केले आहे: लगदा हाताने चाचपून त्याची प्रत ओळखणारे ते जाणते कामगार नियंत्रणकक्षात बसविले गेले आणि केवळ आकड्यांवरून निर्णय घेऊ लागले, तेव्हा त्यांचे कौशल्यच नव्हे तर त्यांच्यावरील देखरेखीचे स्वरूपही बदलले. करोल बागेतील अध्यापकाच्या वाट्यास आलेले स्थित्यंतर याच जातीचे आहे. समोरच्या चेहऱ्यावरून विषय उमगला की नाही हे ताडणारा गुरुजी आता कोणत्या मिनिटाला किती जणांनी व्याख्यान सोडले याचा तक्ता पाहतो; तो तक्ता व्यवस्थापकही पाहतो; आणि पुढील वर्षाचा करार त्यावर ठरू शकतो. संस्थेच्या दृष्टीने हा हिशेब चोख आहे. अध्यापनाच्या दृष्टीने त्यात काय निसटले, हाच संशोधनाचा विषय व्हावयास हवा.

आता संशोधनाकडे वळू. शिक्षणशास्त्र, व्यवस्थापन व समाजशास्त्र या शाखांच्या पदव्युत्तर वर्गांत लघुप्रबंध किंवा प्रकल्प लिहिण्याचा शिरस्ता जुना आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनी एम.फिल. बंद केले, दुसरीकडे २९ जुलै २०२० रोजी संमत झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या चौथ्या वर्षात संशोधनाला स्थान दिले, आणि दिल्ली विद्यापीठात तशी पहिली तुकडी २०२५-२६ मध्ये त्या वर्षात आली. म्हणजे संशोधन करणाऱ्याचे वय उतरले आणि संख्या चढली. एवढ्या मुलांना विषय हवा असतो, आणि ‘डिजिटल तंत्रज्ञानाचा शिक्षणावर परिणाम’ हा विषय सर्वांना एकाच वेळी सुचतो.

रीतही ठरून गेलेली आहे. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ साली मांडलेला तंत्रज्ञान-स्वीकाराचा आकृतिबंध घ्यावयाचा, त्यातील उपयुक्तता आणि सुलभता या दोन समजुतींवर प्रश्न रचावयाचे, रेन्सिस लिकर्ट यांच्या १९३२च्या पद्धतीने ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच चौकटी आखावयाच्या, आणि गूगलचा अर्ज मित्रांच्या व्हॉट्सअॅप-समूहांत सोडून द्यावयाचा. उत्तरे दोन दिवसांत येतात, आलेख आपोआप निघतो, आणि विद्यार्थ्यांना डिजिटल साधने उपयुक्त वाटतात असा निष्कर्ष हाती लागतो. डेव्हिस यांचा आकृतिबंध टाकाऊ नव्हे. कार्यालयातील कर्मचारी नवी प्रणाली वापरील की नाही, एवढा त्याचा मूळ प्रश्न होता. परंतु जेथे वापरण्यावाचून गत्यंतर नाही तेथे स्वीकार मोजण्यात हशील काय? शिवाय फोनवर आलेला अर्ज फोनवर भरणाऱ्यांचीच मते जमा होतात. ज्याचा डेटा संपला, ज्याने वैधता संपल्यावर शिकवणी सोडली, जो हप्ता न भरता आल्यामुळे गावी परतला, तो या संशोधनात येतच नाही. संशोधनाचे साधन आणि संशोधनाचा विषय एकच असल्यामुळे उत्तर प्रश्नातच ठेवलेले असते.

वेगळी वाट अस्तित्वात नाही असे मात्र नव्हे, आणि तिचे उत्तम उदाहरण दिल्लीशीच निगडित आहे. २६ जानेवारी १९९९ रोजी सुगत मित्र यांनी कालकाजी येथे भिंतीत संगणक बसविला; शिक्षकावाचून मुले स्वतःच शिकतात, या त्यांच्या प्रतिपादनाची वाहवा जगभर झाली. पुढे कोलंबिया विद्यापीठाच्या डॉक्टरेटसाठी कुमाऊँमधील अल्मोडा परिसरात क्षेत्रकार्य करणाऱ्या पायल अरोरा यांना अशीच दोन ठिकाणे बंद पडलेली आढळली, आणि ती का बंद पडली, जागा कोणाची होती, शाळेचा तिच्याशी संबंध काय होता, असे साधे प्रश्न विचारून त्यांनी २०१० मध्ये त्या प्रतिपादनाची चिकित्सा प्रसिद्ध केली. प्रश्नावली वाटून हे हाती आले नसते. जागेवर जावे लागले.

करोल बागेच्या बाबतीत जागेवर जाण्याची निकड एका दुर्घटनेने अधोरेखित केली. २७ जुलै २०२४ रोजी जुन्या राजेंद्रनगरातील एका शिकवणीसंस्थेच्या तळघरात पावसाचे पाणी शिरून तेथील लायब्ररीत बसलेले तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. महानगरपालिकेने परिसरातील अनेक तळघरांना टाळे ठोकले; ५ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सुरक्षेचे नियम पाळता येत नसतील तर वर्ग ऑनलाइन चालवावेत, असे मत व्यक्त केले. म्हणजे चार वर्षांपूर्वी साथीने जे करावयास लावले तेच आता इमारतींच्या नियमावलीने सुचविले. त्या तळघरांत बसणाऱ्यांचे पुढे काय झाले, ते वरच्या मजल्यावर अधिक भाडे देऊन गेले, खोलीत बसून पडदा पाहू लागले की गावी गेले, हा एक लघुप्रबंधाचा तयार विषय आहे. त्याला आकृतिबंधाची नव्हे, तर पायपिटीची आणि मेसमध्ये जेवताना माणसे बोलती करण्याच्या हातोटीची गरज आहे. मराठी विद्यार्थ्याला तर अर्धी दारे आपल्या बोलीनेच उघडी मिळतील.

राहिला प्रश्न अशा लेखनाच्या जतनाचा. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट या केंद्राने चालविलेल्या शोधगंगा या भांडारात पीएच.डी.चे प्रबंध लाखोंच्या संख्येने वाचावयास मिळतात. पदव्युत्तर लघुप्रबंधांना मात्र तेथे जागा नाही. ते विभागाच्या कपाटात बांधणीसह पडून राहतात, काही वर्षांनी रद्दीत जातात, आणि पुढील तुकडीतील विद्यार्थी तोच अर्ज त्याच समूहांत पुन्हा सोडतो. विद्यापीठांच्या विभागांनी प्रत्येक लघुप्रबंधाची एक पीडीएफ प्रत आपल्या ग्रंथालयात सर्वांना खुली ठेवावी. त्यासाठी लागणारी सामग्री त्यांच्या कचेरीत आजच आहे.