बॉर्डरलाइन, माइंडफुलनेस आणि एक संत्रं

हा एपिसोड चांदूर बाजारला घरीच रेकॉर्ड केलाय, त्यामुळे ऑडिओत मधेच कुकरच्या शिट्ट्या आहेत. इथे लिहिताना त्या काढल्यात. बाकी जवळपास बोललो तसंच ठेवलंय.

आपण इथे इतिहासावर बोलतो. आजही इतिहासच आहे, फक्त यावेळी त्यात मी पण आहे. तीन वर्षांपूर्वी पुण्यात एका सायकिअॅट्रिस्टने माझ्या फाईलवर 'बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर' असं लिहिलं. मी तेव्हा पंचवीसचा. बीटेक झालेलं, नोकरी चालू, बाहेरून सगळं ठीक. आतून असं, की जवळच्या माणसाचा रिप्लाय दोन तास आला नाही तर मला वाटायचं, संपलं, ही आता गेली. मग रात्रभरात चाळीस मेसेज. त्यात प्रेम, शिव्या, माफी, परत शिव्या. सकाळी स्वतःचेच मेसेज वाचवत नसत. एकदा तर मीटिंगमध्ये कोणीतरी माझ्या कोडवर हसलं म्हणून त्याच दुपारी राजीनाम्याचा मेल टाकला. ज्याला वाटतं हा नुसता तापट स्वभाव आहे, त्याला एवढंच सांगतो की तापट माणूस तासाभराने जेवायला बसतो. मी दोन-दोन दिवस जेवत नव्हतो.

काही महिने घरी येऊन राहिलो. आता घरी आलं की उपाय सांगणारे चिक्कार. आजी म्हणाली, "काही नाई होत बापू, सांजच्याले प्रार्थनेत बसत जाय." आमच्याकडे तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना गावोगावी होते, लहानपणी मीही डोळे मिटून बसलोय. मामाचं वेगळंच: "दहा दिवस विपश्यनेले जाऊन ये, डोक्सं थंड होते." मामाचं पटलं. फॉर्म उघडला. त्यात मानसिक आजाराबद्दल प्रश्न होता. मी 'नाही' वर टिक करणारच होतो. पण त्याच आठवड्यात ऑनलाइन सेशन होतं, आणि थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, "आत्ता नको."

मी भडकलो. म्हटलं, ध्यानालासुद्धा रिजेक्ट! नंतर वाचलं तर विपश्यनेच्या नियमावलीतच स्पष्ट आहे की गंभीर मानसिक आजारात हा कोर्स सुचवला जात नाही आणि तो वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही. ठीक. पण मग एक कोडं उरलं. मॅडम मला जी थेरपी देत होत्या तिचा पहिलाच धडा होता माइंडफुलनेस. दहा दिवस बसायचं नाही आणि तरी माइंडफुलनेस करायचं, हे कसं काय? याचं उत्तर मला इतिहासात सापडलं.

आधी नावाचं बघू. 'बॉर्डरलाइन' ऐकलं की आमच्या इकडच्या माणसाला परतवाड्यापुढची मध्य प्रदेशची हद्द आठवते, आणि गंमत म्हणजे मूळ अर्थ तसाच आहे. १९३८ मध्ये अॅडॉल्फ स्टर्न नावाच्या अमेरिकन मनोविश्लेषकाने अशा पेशंट्सबद्दल लिहिलं जे न्यूरोसिसच्या खान्यात बसत नव्हते आणि सायकोसिसच्याही नाही. हद्दीवरचे. अमेरिकन मनोविकारांच्या यादीत, म्हणजे डीएसएममध्ये, हे निदान अधिकृतपणे आलं १९८० साली. मधली चाळीसेक वर्षं बऱ्याच डॉक्टरांसाठी या नावाचा अर्थ होता 'डोकेदुखी पेशंट'.

या मधल्या काळातच एक मुलगी आहे. मार्शा लिनहान, ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातली. १९६१ साली, सतराव्या वर्षी, तिला कनेटिकटमधल्या 'इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंग' या मनोरुग्णालयात भरती केलं. ती स्वतःला इजा करायची. निदान लागलं स्किझोफ्रेनिया. जबर औषधं झाली, शॉक झाले, एकांत खोलीत कोंडणं झालं. सव्वीस महिन्यांनी ती बाहेर आली, आणि तेव्हाही बरी झाली होती असं नाही. तिने मनाशी ठरवलं होतं की या नरकातून आपण निघायचं आणि मग परत जाऊन बाकीच्यांना काढायचं. नंतर तिने सायकॉलॉजीत पीएचडी केली आणि १९७७ मध्ये सिअॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनला रुजू झाली.

तिथे तिने मुद्दाम सगळ्यात अवघड पेशंट घेतले, पुन्हा पुन्हा जीव द्यायला निघणारे. आधी त्यांच्यावर वर्तनोपचार चालवले: हे चूक, हे बदल, असा विचार कर. पेशंट उसळायचे. कारण ऐकू काय यायचं, तर 'प्रॉब्लेम तूच आहेस'. मग उलटं केलं, फक्त समजून घेणं, धीर देणं. तरी उसळायचे: आम्ही मरतोय आणि तुम्ही मान डोलावताय? हे वाचताना मला हसू आलं आणि लाजही वाटली. मी दोन्ही करून बसलोय, एकाच संध्याकाळी, आईबरोबर.

म्हणजे दोन्ही एकदम लागणार होतं, 'तू आत्ता जसा आहेस ते मान्य' आणि 'तुला बदलावं लागेल'. 'डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी', डीबीटी, या नावातलं डायलेक्टिकल म्हणजे हेच. बदल शिकवायला मानसशास्त्रात हत्यारं होती. स्वीकार शिकवायला नव्हती. म्हणून ही बाई कॅलिफोर्नियातल्या एका झेन मठात जाऊन बसली, आणि पुढे जर्मनीत विलिगिस येगर यांच्याकडे शिकली. येगर म्हणजे कॅथलिक साधू आणि झेन गुरू, दोन्ही.

परत येऊन तिने पेशंट्सना ध्यानाला बसवून पाहिलं. जमलं नाही. ज्याच्या डोक्यात आग लागलीय त्याला त्या डोक्यासोबत तासभर एकटं बसवणं, विचार करा. मला वाटतं लिनहानचं खरं मोठेपण इथे आहे. 'यांच्यात श्रद्धा नाही, चिकाटी नाही' असं ती म्हणाली नाही. तिने ध्यानच फोडलं. त्यातली धार्मिक भाषा काढली, तासांची अट काढली, आणि शिकवता येतील अशी छोटी कौशल्यं केली. करायचं काय? निरीक्षण करा, शब्दांत मांडा, त्यात उतरा. कसं? चांगलं-वाईट न ठरवता, एका वेळी एकच गोष्ट, आणि जे उपयोगी पडेल ते.

आपल्या भाषेत सांगतो. मांडणं म्हणजे लॉग लिहिणं. 'तिला माझा कंटाळा आलाय' हा लॉग नाही, तो निष्कर्ष आहे. 'नऊ वाजता मेसेज केला, अकरा वाजले, रिप्लाय नाही, छातीत धडधड, हात गार' हा लॉग. मी हे खरंच टाइप करतो, नोट्स अॅपमध्ये, तिच्या चॅटमध्ये नाही. धडधड तेवढीच राहते. पण चाळीस मेसेज जात नाहीत.

हा शब्द कुठून आला तेही पटकन सांगून टाकतो, कारण कमेंटमध्ये भांडणं होतात की 'आपलंच होतं, गोऱ्यांनी पळवलं'. पालीतला 'सति', संस्कृतात 'स्मृती'. ऱ्हीस डेव्हिड्स हे श्रीलंकेत नोकरी केलेले इंग्रज अभ्यासक, त्यांनी १८८१ मध्ये त्याला 'माइंडफुलनेस' म्हटलं. बुद्धाची ही साधना ब्रह्मदेशात टिकली होती. सत्यनारायण गोएंका, मंडालेत जन्मलेले व्यापारी, मायग्रेनने हैराण होऊन १९५५ मध्ये ऊ बा खिन यांच्याकडे गेले. १९६९ मध्ये ते भारतात आले आणि १९७६ मध्ये आपल्या इगतपुरीला धम्मगिरी उभं राहिलं. तिकडे १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये जुनाट दुखण्याच्या पेशंट्ससाठी एक कोर्स काढला. लिनहानवर आणखी एक प्रभाव होता व्हिएतनामी भिक्षू थिच न्हाट हान यांचा. युद्धात समाजसेवा करणाऱ्या तरुणांसाठी त्यांनी परदेशातून एक लांब पत्र लिहिलं होतं, त्याचंच पुढे पुस्तक झालं. त्यात संत्र्यासारख्या एका फळाची गोष्ट आहे: एक फोड तोंडात असताना पुढच्या फोडीचा विचार करू नका, हीच खा.

१९९१ मध्ये लिनहानचा पहिला मोठा अभ्यास छापून आला. स्वतःला इजा करणाऱ्या बॉर्डरलाइन स्त्रियांपैकी काहींना वर्षभर डीबीटी, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. डीबीटीवाल्यांमध्ये इजा करण्याचे प्रसंग घटले, थेरपी सोडणारे कमी झाले, हॉस्पिटलचे दिवस कमी झाले. पण डिप्रेशन आणि निराशा यांत दोन गटांत फरक दिसला नाही. हा आकडा लपवायचं कारण नाही. वर्षभरात दुःख कमी झालं नव्हतं, दुःखात असताना हातून काय घडतं ते बदललं होतं. माझंही अगदी असंच झालं, म्हणून तो पेपर मला खरा वाटतो.

१९९३ मध्ये तिची पुस्तकं आली. जगाला ती प्रोफेसर म्हणून माहीत होती. पेशंट मात्र हातावरचे जुने व्रण बघून विचारायचे, तुम्ही आमच्यातल्याच का? २०११ मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, तिने त्याच इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंगमध्ये उभं राहून सगळ्यांसमोर हो म्हटलं.

एक गोष्ट नीट ऐका. माइंडफुलनेस हा डीबीटीच्या चार भागांतला एक भाग. पूर्ण डीबीटी म्हणजे दर आठवड्याला थेरपिस्ट, शिवाय गटाचे क्लास, शिवाय अडचणीत फोन. ते चांदूर बाजारात नाही. मला ते इंटरनेटवरून अर्धंमुर्धं मिळतं, आणि महिन्याला खिसा बऱ्यापैकी हलका होतो. मोबाइलमधलं ध्यानाचं अॅप म्हणजे ही थेरपी नाही. आणि कोणी म्हणेल हा आजार जन्माचा, तर मॅकलीन हॉस्पिटलचा अभ्यास सांगा: मेरी झनारिनी यांनी २९० पेशंट दहा वर्षं पाहिले, त्यातल्या ९३ टक्क्यांची लक्षणं सलग दोन वर्षं तरी निदानाच्या रेषेखाली गेली. नोकरी आणि नाती दोन्ही नीट बसलेले मात्र निम्मेच.

दिवाळीनंतर आमच्या बागेत तोडा चालू होता. आदल्या रात्री फोनवर भांडण झालेलं, डोकं भणभणत होतं. बांधावर बसून एक संत्रं सोललं. सालीचा फवारा नाकात, पांढरे धागे, एक फोड. मन पळालं, परत फोडीवर आणलं. बाबा क्रेट उचलताना थांबले. म्हणाले, "काहून रे, खाऊन राहिला का पाहून राहिला?"

म्हटलं, पाहून राहिलो. "मंग दोन इकडे दे," म्हणाले आणि शेजारी बसले.

कोणाला आत्ता, याच घडीला बोलायची गरज असेल तर सरकारची टेलिमानस लाइन आहे, १४४१६, चोवीस तास, मराठीतही. पुढच्या एपिसोडमध्ये नेहमीच्या ट्रॅकवर: आपली शकुंतला रेल्वे. भेटू.